कृत्रिम गुडघा आणि जात्यांतली कच

सोलापुरांत सात रस्ता म्हणून जें ठिकाण आहे, तेथून जवळच आमचें बिऱ्हाड आहे. सकाळीं ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलों म्हणजे समोरून जाणाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यांआधीं हल्लीं आम्हांस त्यांचे गुडघे दिसतात. कोणी काठी टेकीत जातो, कोणी पाय फेंकीत चालते, कोणी दर शंभर पावलांवर थांबून दुकानाची पाटी वाचण्याचें निमित्त करते. पस्तीस वर्षें शाळेंत मुलांना संस्कृत शिकविलें. त्या काळांत माणसाच्या गुडघ्याकडे लक्ष देण्याचें कारण पडलें नव्हतें. तें गेल्या वर्षीं पडलें, आणि तेंही आमच्याच घरांत.

आमच्या सौभाग्यवतींचा उजवा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया परगांवीं झाली. पहिले पंधरा दिवस उत्तम गेले. तिसऱ्या आठवड्यांत जखमेच्या कडेला लाली चढली, ताप आला आणि टांक्यांतून पाणी झिरपूं लागलें. सांध्यांत जंतूंनीं ठाण मांडलें होतें. घाईघाईनें आम्ही येथल्याच एका अस्थिवैद्यांकडे गेलों. ते आमचेच जुने विद्यार्थी. त्यांनीं तपासून सांगितलें, "सर, गुडघा पुन्हां उघडावा लागेल. धातूचे भाग घट्ट बसले आहेत, ते राहूं देऊं. मधला प्लास्टिकचा तुकडा बदलूं, सांधा धुऊन काढूं, आणि भोंवतालच्या पोकळींत औषध मिसळलेले पांढरे मणी ठेवूं. ते मणी कांहीं आठवड्यांत आपोआप विरघळून जातात."

आम्ही मान डोलाविली. परंतु सौभाग्यवतींचें लहानपण बार्शीकडच्या एका खेड्यांत, जात्याच्या घरघरींत गेलेलें. त्यांनीं विचारलें, "डॉक्टर, जात्याला टाकी लावली कीं पहिलं पीठ आई टाकून देत असे, त्यांत दगडाची कच असते. तुम्ही गुडघ्यांत मणी घालणार. ते विरघळायच्या आधींच त्यांची कच सांध्यांत गेली, तर हें पहिलं पीठ कोण काढणार?"

डॉक्टर हंसले नाहींत. खुर्ची पुढें ओढून ते म्हणाले, "काकू, हाच प्रश्न शास्त्रज्ञांनींही विचारलेला आहे, आणि त्याचें उत्तर यंत्रावर घांसून काढलेलें आहे." तें उत्तर समजून घेण्यासाठीं आम्हांस पुढें महिनाभर वाचन करावें लागलें. ज्या घरांत असा प्रसंग आहे किंवा उद्यां येणार आहे, त्या घरच्या मंडळींस उपयोगी पडावें म्हणून तेंच येथें सोप्या शब्दांत मांडतों.

प्रथम सांध्याची घडण पाहूं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांध्यांचे आठ प्रकार वर्णिले आहेत. खुब्याचा सांधा 'उलूखल', म्हणजे उखळीच्या जातीचा. गुडघा, कोपर, मनगट व घोटा हे 'कोर', म्हणजे बिजागरीसारखे मिटणारे. सांधे कसे चालतात हें सांगतांना ग्रंथकारानें गाडीच्या चाकाचा दाखला घेतला आहे: आंसाला वंगण असलें म्हणजे चाक जसें सुरळीत फिरतें, तसे श्लेष्म्याच्या योगानें सांधे चालतात. दाखला जुना असला, तरी आजचा यंत्रज्ञही कृत्रिम सांध्याचा विचार याच दिशेनें करतो. कोणते दोन पृष्ठभाग एकमेकांवर फिरतात, त्यांच्यामध्यें काय आहे, आणि झीज किती होते, हे त्याचे तीन प्रश्न.

कृत्रिम गुडघ्यांत मांडीच्या हाडाच्या टोंकावर बहुधा कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, आरशासारखी घांसलेली टोपी बसवितात. नडगीच्या हाडावर धातूची बैठक असते, आणि त्या बैठकींत पॉलिएथिलीन नांवाच्या अत्यंत चिवट प्लास्टिकची गादी असते. धातूची टोपी या गादीवर फिरते. चालत्या-फिरत्या मनुष्याच्या एका पायाचीं वर्षाला सुमारें दहा लक्ष पावलें होतात असा हिशेब परीक्षणयंत्रांसाठीं धरलेला आहे. दहा लक्ष वेळां धातू प्लास्टिकवर घांसली, तर थोडी झीज होणारच. तरीही हे गुडघे दीर्घकाळ टिकतात. निरनिराळ्या देशांतील नोंदी एकत्र करून २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकांत जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकीं शेंकडा सुमारें ८२ गुडघे पंचवीस वर्षें टिकतात.

मग झिजेची एवढी चिंता कशासाठीं? गादी पातळ होते हें तिचें एक कारण. परंतु दुसरें अधिक महत्त्वाचें आहे. झिजलेल्या प्लास्टिकचे कण इतके सूक्ष्म असतात कीं, शरीरांतील भक्षकपेशी त्यांना जंतू समजून गिळतात. जंतू पचतो, प्लास्टिक पचत नाहीं. न पचलेल्या घांसानें त्या पेशी चिडतात व असे द्रव स्रवतात कीं, त्यांच्या चेतावणीनें हाड खाणाऱ्या दुसऱ्या पेशी जाग्या होतात. हळूहळू कृत्रिम भागाच्या भोंवतालचें हाड पोखरलें जातें आणि सांधा ढिला पडतो. हें पोखरणें पुष्कळदां दुखत नाहीं. म्हणून तें कळतें तेव्हां उशीर झालेला असतो.

हा धडा वैद्यकशास्त्राला फार महाग पडलेला आहे. इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं खुब्याचे कृत्रिम सांधे बसविण्यास आरंभ केला, तेव्हां गादीसाठीं टेफ्लॉन वापरलें होतें. टेफ्लॉन गुळगुळीत खरें, परंतु थोड्याच वर्षांत तें झिजलें, त्याच्या भुग्यानें भोंवतालचे स्नायू व हाड बिघडलें, आणि शेंकडों रोग्यांच्या शस्त्रक्रिया पुन्हां कराव्या लागल्या. त्या भुग्याचा परिणाम पाहण्यासाठीं चार्नलींनीं टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडींत टोंचून घेतले होते. १९६२ साली त्यांनीं टेफ्लॉन सोडून पॉलिएथिलीन धरलें, तेंच आजपर्यंत चालत आहे. गुडघ्याची आजच्या धर्तीची घडण १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथें सिद्ध झाली. तींत इन्सॉल यांच्याबरोबर भारतांत जन्मलेले डॉ. चित्तरंजन रणावत यांचाही हात होता. पुढें ऑक्टोबर २००० व जून २००१ मध्यें मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे याच रणावतांनीं बदलले. आमच्यासारख्या घरांत या शस्त्रक्रियेचें नांव पोंचलें तें त्या बातम्यांमुळें.

आतां सौभाग्यवतींच्या प्रश्नाकडे वळूं. धातू व प्लास्टिक हे दोन पदार्थ एकमेकांवर घांसतात हें झालें. परंतु त्यांच्यामध्यें एखादा तिसरा कठीण कण शिरला, तर काय होईल? आमच्या शेजारीं आतां बंद पडलेल्या एका कापडगिरणींत जॉबर असलेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही हें विचारलें. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या यंत्रांत पोलादी दांड्याखालीं मुद्दाम मऊ धातूचा अस्तर देत. खडा आला तर त्या मऊ धातूंत रुतून बसावा, दांड्याला लागूं नये म्हणून. पण खडा पुरता रुतला नाहीं, डोकं वर काढून राहिला, तर तोच दांड्याला कानशीसारखा खातो."

गुडघ्यांतही हेंच घडतें. कठीण कण प्लास्टिकच्या गादींत अर्धवट रुततो आणि वरून फिरणाऱ्या चकचकीत धातूवर ओरखडा काढतो. शेतांत नांगराचें तास निघालें म्हणजे दोन्ही बाजूंस माती उचलली जाऊन वरंबा होतो. धातूवरील ओरखड्याच्या कडेलाही असाच सूक्ष्म वरंबा उठतो. नुकसान करतो तो हा वरंबा. कण पुढें निघून गेला तरी वरंबा राहतो, आणि दर पावलागणिक तो मऊ प्लास्टिकला किसणीप्रमाणें किसतो. म्हणजे कच एकदां आली, तरी तिचें काम वर्षानुवर्षें चालूं शकतें. तिसऱ्या पदार्थामुळें होणारी झीज म्हणतात ती हीच.

ही कच येते कोठून? पुष्कळदां ती आपणच हाडांत भरलेल्या पदार्थांतून येते. शस्त्रक्रियेच्या वेळीं धातूचे भाग हाडाशीं बसविण्यासाठीं बहुधा 'बोन सिमेंट' वापरतात. हें घरें बांधण्याचें सिमेंट नव्हे. एक भुकटी व एक द्रव एकत्र मळून होणारें तें आक्रिलिक जातीचें प्लास्टिक आहे. दंतवैद्यांकडे तें आधीं होतें. चार्नलींनीं तें सांध्यासाठीं आणलें. तें चिकटवीत नाहीं, तर हाडाच्या जाळींत शिरून खांचा भरतें. प्राचीन शिल्पशास्त्रांतील वज्रलेपाचें वर्णन वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वाचलेल्यांस त्याची कल्पना सहज येईल. परंतु नुसतें आक्रिलिक क्ष-किरणांत दिसत नाहीं, म्हणून त्यांत बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम ऑक्साइड मिसळतात. यांतील दुसरें फार कठीण आहे. सिमेंटचा एखादा कपचा मागें राहिला आणि सांध्यांत सरकला, तर त्यांतील हे कण धातूवर ओरखडे काढूं शकतात. सिमेंटमध्यें जंतुनाशक औषध मिसळण्याची युक्ति जर्मनींत हाम्बुर्ग येथील बुखहोल्झ यांनीं १९७० च्या सुमारास रूढ केली, आणि तिचा जंतुदोषांत मोठा उपयोग झाला. परंतु सिमेंट विरघळत नाहीं; ठेवलें तेथें तें राहतें.

दुसरा पदार्थ म्हणजे रोग्याचेंच हाड. गुडघा बसवितांना कापलेल्या हाडाचे बारीक तुकडे खळग्यांत भरतां येतात. तें आपलेंच असल्यामुळें जिरून जातें. मात्र ज्या ठिकाणीं जंतू आहेत, तेथें तें भरतां येत नाहीं.

तिसरा पदार्थ तेच पांढरे मणी. ते कॅल्शियम सल्फेटचे, म्हणजे गणपतीच्या मूर्तींमुळें घरोघर ठाऊक असलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसचेच, परंतु वैद्यकीय कामासाठीं शुद्ध केलेले असतात. हाडाच्या पोकळींत हें प्लास्टर भरण्याची कल्पना नवी नाहीं. १८९२ साली ड्रेसमन नांवाच्या जर्मन वैद्यानें तसें केल्याची नोंद आहे. या मण्यांत जंतुनाशक मिसळलें म्हणजे तें जागच्या जागीं झिरपत राहतें, आणि मणी विरघळून गेल्यावर ते काढण्यासाठीं पुन्हां शस्त्र लावावें लागत नाहीं.

आतां काठिण्याचा हिशेब पाहूं. मोस यांच्या एक ते दहा अशा मोजपट्टींत हिरा दहावा, गारगोटी सातवी, आणि जिप्सम, म्हणजे पाणी पिऊन घट्ट झालेलें प्लास्टर, अवघें दुसरें. जिप्समवर आपल्या नखानेंही ओरखडा उठतो. तेव्हां एवढा मऊ पदार्थ कोबाल्ट-क्रोमियमवर काय ओरखडा काढणार, असा तर्क कोणीही करील. परंतु शास्त्र नुसत्या तर्कावर थांबत नाहीं, हें येथें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

इंग्लंडांतील लीड्स विद्यापीठांत सांध्यांच्या घर्षणाचा अभ्यास बरीच वर्षें चालत आला आहे. तेथील संशोधकांनीं २०१६ साली हाच प्रयोग प्रसिद्ध केला. कोबाल्ट-क्रोमियमच्या गुळगुळीत पट्ट्यांवर त्यांनीं तीन पदार्थांचे कण दाबून घांसले: दोन निरनिराळ्या बनावटींचे कॅल्शियम सल्फेट, आणि बोन सिमेंट. एका बनावटीच्या कॅल्शियम सल्फेटचे ओरखडे इतके नगण्य निघाले कीं, मापनयंत्रास ते दिसले नाहींत. बोन सिमेंटचे दर मिलिमीटरला सरासरी ०.१९ ओरखडे मोजले गेले. आणि दुसऱ्या बनावटीच्या कॅल्शियम सल्फेटचे? दर मिलिमीटरला १.६२, म्हणजे सिमेंटच्याही आठपट! नांव एक, घटक एक, आणि वागणूक अगदीं निराळी. यावरून असें अनुमान निघतें कीं, डबीवर लिहिलेलें नांव पाहून भागत नाहीं. पदार्थाची शुद्धता व घडण हींही पाहावीं लागतात. ज्वारी सारखीच असली, तरी एका खळ्यावरच्या धान्यांत खडे निघतात, दुसऱ्याच्या निघत नाहींत.

परंतु प्रयोग एवढ्यावर संपत नाहीं. खरें उत्तर पुढेंच आहे. ओरखडे आलेल्या या पट्ट्यांवर त्यांनीं पॉलिएथिलीन घांसून पाहिलें. तुलनेसाठीं एक अगदीं गुळगुळीत पट्टी घेतली आणि एकीवर हिऱ्याच्या टोंकानें मुद्दाम खोल ओरखडे काढले. कणांनीं काढलेल्या ओरखड्यांचे वरंबे ०.०३ ते ०.०४ मायक्रॉन उंचीचे होते. हिऱ्याच्या ओरखड्यांचे २ मायक्रॉन, म्हणजे पन्नास-साठपट उंच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निष्कर्ष असा आला कीं, हिऱ्यानें ओरखडलेल्या पट्टीवर प्लास्टिकची झीज फार वाढली. परंतु तिन्ही पदार्थांच्या कणांनीं ओरखडलेल्या पट्ट्यांवर ती गुळगुळीत पट्टीहून वाढली नाहीं. वरंबे होते, पण प्लास्टिकला कापण्याइतके उंच नव्हते. पुढें २०१९ साली त्याच विद्यापीठांत कृत्रिम गुडघाच परीक्षणयंत्रांत चालवून कॅल्शियम सल्फेटच्या मण्यांची परीक्षा झाली. तेव्हांही त्यांच्यामुळें गादीची झीज वाढलेली दिसली नाहीं.

हें सर्व डॉक्टरांनीं समजावून सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे कच लागेल, पण जातं बिघडणार नाहीं, असंच ना?" डॉक्टर म्हणाले, "बरोबर. पण म्हणून कच राहूं द्यायची असं नाहीं, काकू. पहिलं पीठ काढायचं काम माझं. सांधा मिटण्याआधीं भरपूर पाण्यानं धुवायचा, सिमेंटचा कपचा मागं राहिला का तें बोटानं चांचपून पाहायचं, आणि मणी फिरणाऱ्या भागापासून दूर, कडेच्या पोकळींत ठेवायचे. तेवढं मी करीन."

दुसरी बाजूही त्यांनीं झांकून ठेवली नाहीं. मण्यांमुळें कांहीं रोग्यांच्या जखमेंतून दिवसच्या दिवस पांढुरकें पाणी येतें, आणि घरचीं माणसें घाबरतात. मणी फार घातले, तर क्वचित् रक्तांतील कॅल्शियम वाढतें, म्हणून त्याची तपासणी करावी लागते. शिवाय या मण्यांनीं जंतुदोष हमखास बरा होतोच, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. मुख्य उपाय म्हणजे वेळेवर सांधा उघडून नीट धुणें आणि योग्य औषध पुरेसे दिवस घेणें, हाच. मणी हे त्याचे साहाय्यक होत. आणि यंत्रावरची परीक्षा म्हणजे वीस वर्षें चाललेलें माणूस नव्हे, हेंही विसरतां कामा नये.

आमच्या अनुभवावरून व वाचनावरून वाचकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, शस्त्रक्रियेनंतर गुडघा लाल झाला, ताप आला किंवा जखम पाझरूं लागली, तर हळदीचा लेप लावून वाट पाहूं नये. त्याच दिवशीं शस्त्रवैद्यास दाखवावें. धातूचे भाग तसेच ठेवून सांधा वांचविण्याची संधि आरंभींच्या दिवसांतच असते. आम्ही आणखी पंधरा दिवस घालविले असते, तर बहुधा सारा गुडघा काढावा लागला असता. दुसरी, हाडांत काय भरणार, तें विरघळणारें कीं राहणारें, आणि तेंच कां, हें विचारण्यांत संकोच मानूं नये. असें विचारणें म्हणजे वैद्यावर अविश्वास दाखविणें नव्हे. चांगल्या वैद्यास असा प्रश्न आवडतो. तिसरी, बसविलेल्या भागांचीं व भरलेल्या द्रव्यांचीं नांवें आणि क्रमांक असलेल्या चिठ्ठ्या मिळतात, त्या दागिन्यांप्रमाणें जपून ठेवाव्या. पुढें पुन्हां शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, तर त्या चिठ्ठ्यांवरूनच नवी गादी जुन्या धातूस जुळवितां येते. चौथी, गुडघा दुखत नसला तरीही वैद्यानें सांगितलेल्या मुदतीस क्ष-किरण चित्र काढावें; कारण झिजेनें हाड पोखरलें जातें तें मुकाट्यानें.

आणखी एक गोष्ट आम्ही मनाशीं पक्की केली आहे. झिजेविषयीं वाचून कित्येक जण शस्त्रक्रियेसच भितात आणि उरलेलें आयुष्य खाटेवर काढतात. तसें करणें योग्य नव्हे. झीज ही चालण्याची किंमत आहे, आणि चालणें त्या किमतीहून मोलाचें आहे.

त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेस आतां वर्ष होत आलें. पहिले दहा दिवस जखमेंतून पांढुरकें पाणी आलें. आम्हांस आधीं सांगितलेलें होतें म्हणून धीर सुटला नाहीं. तीन महिन्यांनीं काढलेल्या चित्रांत मण्यांचा मागमूसही नव्हता. गेल्या संक्रांतींत सिद्धेश्वरांच्या यात्रेंतील नंदीध्वजांची मिरवणूक सौभाग्यवतींनीं दीड तास उभें राहून पाहिली, आणि परत येतांना रिक्षा नको म्हणाल्या. सात रस्त्याच्या वळणावर आम्हीच दमून थांबलों, आणि गुडघा कसा आहे म्हणून विचारलें. त्या म्हणाल्या, "अहो, कचकच लागत नाहीं. चला."